आरेची एक फेरी आणि दोन जातींच्या घुशी

गणपती तोंडावर आले आणि आमच्या घाटकोपरच्या खोलीत, मूर्ती बसते नेमक्या त्याच कोपऱ्याखाली घूस शिरली. लादी पायाखाली हलायची. गवंडी म्हणाला, मोठ्या जातीची असेल तर भिंतीचा पाया पोखरलेला असणार, सगळी जमीन उकलावी लागेल, यंदा गणपती विसरा. लहान जातीची असेल तर बीळ बुजवून भागेल. माझी झोपच उडाली. मग एक पिंजऱ्यात सापडली, पण जात कळेना. मारायचं तर नावच नको, गणपतीचं वाहन. शेवटी आम्ही नवरा-बायकोने ठरवलं, आरे कॉलनीत धाकट्या बहिणीकडे, शेवंताकडे न्यायची. तिथे तबेल्यात दोन्ही जाती आहेत. ती ओळखेल आणि तिथेच सोडून येऊ.

पिंजरा घेऊन मेट्रोने जाऊ नका. पिशवी यंत्रातून जाते आणि पडद्यावर सगळं दिसतं. आम्हाला परत पाठवलं. मग बसने मरोळ, तिथून आरेची दुसरी बस. मरोळला वडापाव बरा मिळतो, चटणी मात्र मला सोसत नाही. हिने त्यातला तुकडा पिंजऱ्यात टाकला. पुढे रस्त्याला झाडी छान आहे, असं ही म्हणाली. मी पिंजऱ्याचं दार धरून होतो.

शेवंताने पिशवीत डोकावून पाहिलं. "दादा, आमच्याकडे कमी पडल्या म्हणून आणलीस?"

पेंडीच्या खोलीत तिनेही एक पकडली होती, मोठ्या जातीची. पिंजरे शेजारी ठेवले. त्या घुशीचे पाय काळे, पाठीवर लांब राठ केस, शेपूट जवळजवळ अंगाएवढं. आमची तिच्यापुढे निम्मी, शेपूटही आखूड. म्हणजे लहान जात. भिंत वाचली. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

तेवढ्यात शेवंताने आमचा पिंजरा उचलून खालून पाहिला.

"वहिनी, ही लेकुरवाळी आहे. पिल्लं तिकडेच राहिली."

या जातीला एका वेळी पुष्कळ पिल्लं होतात, असंही तिने सांगितलं. हिने पिंजरा पुन्हा पिशवीत घातला. शेवंताने भाकरी आणि अळूवडी बांधून दिली. बसथांब्यावर मी म्हणालो, "अगं, उद्या गवंडी बीळ बुजवायला येतोय."

"त्याला सांगा, दिवाळीनंतर ये."

"आणि गणपती?"

"पलीकडच्या भिंतीला बसेल. तुमचा पलंग हलवा."

संध्याकाळी हिने बिळापाशी दार उघडलं. घूस आत गेली.

कुणी जाणार असेल तर आरे सकाळी गाठावं, म्हणजे झाडी नीट बघता येते. मला ती बघायची राहिली. हल्ली मी स्वयंपाकघरात झोपतो. दुपारी लादीखालून बारीक चीं चीं ऐकू येते, तेव्हा ही हातातलं काम थांबवून ऐकते. मी भिंतीला हात लावून बघतो. अजून तरी उभी आहे.