समुद्रातलं ते सगळं मासळी

बाबांच्या लेखी समुद्रातून येतं ते सगळं मासळी. सुरमई मासळी, कोळंबी मासळी, तिसऱ्याही मासळीच. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या चिनी अंकलनी दिलेल्या बाटलीवर ‘सील ऑइल’ असं ठळक छापलेलं असूनही ते अडखळले नाहीत. फक्त सोमवारी आणि संकष्टीला ती कॅप्सूल घ्यायची नाही, एवढा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. औषधालाही उपास लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आई गेल्यावर काही दिवसांनी बाबा आमच्याकडे परदेशात, सेंगकांगला राहायला आले, ते आखडत चाललेली बोटं घेऊनच. इथल्या डॉक्टरांच्या गोळ्या त्यांच्या पोटाला सोसेनात. सकाळी ब्लॉकच्या खाली हातपाय हलवायला जमणाऱ्या म्हाताऱ्यांत हे अंकल भेटले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून दोघांचं छान जमलं. अंकलनी स्वतःची बोटं उघडमीट करून दाखवली आणि बाटली बाबांच्या हातात कोंबली.

आणि काय सांगू, बाबांची बोटं सुटली. डॉक्टर म्हणाले, त्या तेलाने असं काही होत नसतं, पण घेत असतील तर घेऊ दे. मला त्यांच्या मताशी काय करायचं होतं? बाबा पुन्हा देवापुढच्या वाती वळायला लागले होते. आई असताना वाती तीच वळायची. ती गेल्यावर बाबा तिच्या जागी बसून वळायचे, आणि ते बंद पडलं तेव्हा मी लिटल इंडियातून तयार वातींचं पाकीट आणून दिलं होतं. त्या पाकिटाकडे ते असे बघायचे की मी ते फडताळात मागे ढकलून ठेवायचे. आता कापूस पुन्हा त्यांच्या मांडीवर आला. जेवताना ते भात कालवायला लागले. घरात आनंद आला म्हटलं तरी चालेल.

मग माझ्या लेकीने बाटली वाचली. पंधरा वर्षांची आहे, आणि त्या वयात जगातलं सगळं दुःख आपल्यालाच सापडलं आहे असं वाटतं.

“आजोबा, धिस वन सील लेह. नॉट फिश,” ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली.

“समुद्रातलंच ना गं?”

तिने फोनवर व्हिडिओ लावला. बर्फावर पांढरंशुभ्र पिल्लू, दंडुका घेतलेला माणूस, लाल झालेला बर्फ. मग पिल्लाला हुंगणारी आई. बाबा बघत राहिले.

“ही अंगावर पाजते?”

“ऑफ कोर्स. मॅमल, आजोबा. लाइक अस.”

मी चिडले. म्हटलं, “काल फूड सेंटरमध्ये प्रॉन नूडल्स चापल्यास ना? ती कोळंबी काय खुशीने वाडग्यात आली होती?” ती म्हणाली, “मम्मी, यू डोन्ट अंडरस्टँड.” मला कळत होतं, आणि तिचं चुकलं असंही म्हणवत नव्हतं. पण माझ्यासमोर बर्फ नव्हता, बाबांची बोटं होती.

बाबा उठले. देवघरातून पळी-पंचपात्र आणलं, उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. म्हणाले, “सोडलं. झालं समाधान, बाळा?” लेकीने त्यांना मिठी मारली. तिला वाटलं, आजोबांनी ‘ओके’ म्हटलं. मी मात्र बाबांना ओळखून होते. आईच्या अस्थी घेऊन ते काशीला गेले, तेव्हा रीतीप्रमाणे तिथे एक फळ सोडलं: फणस. आवडता म्हणून फणसच. तेव्हापासून इथल्या बाजारात फणसाच्या गाड्यासमोरून जाताना ते चेहरा कोरा ठेवतात. कुणाकडच्या पार्टीत आइस्क्रीमला फणसाचा वास आला, तर वाटी खाली ठेवली. पाणी सोडून टाकलेली गोष्ट ते परत उचलत नाहीत.

चिनी नववर्षाला अंकल दोन संत्री आणि नवी बाटली घेऊन वर आले. बाबांनी हात जोडले. मी इंग्रजीत सांगितलं की धर्माच्या कारणाने चालत नाही. अंकल गोंधळून म्हणाले, “बट फिश यू ईट, व्हॉट.” त्यांनी बाटली तरीही टेबलावर ठेवली आणि गेले. त्यानंतर बाबांना त्यांच्यासमोर जायचा संकोच वाटू लागला, आणि सकाळी खाली जाणंच बंद झालं.

बोटं हळूहळू पुन्हा मिटली. शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या कॅप्सूल मी आणल्या. बाबांनी निमूट घेतल्या, काही झालं नाही. गुण सीलचा होता की अंकलचा, देव जाणे. भाताला चमचा आला. वातींचं पाकीट पुन्हा आलं.

लेक हे सगळं बघत होती. ती आणखी वाचायला लागली, आणि एक दिवस रडवेली होऊन माझ्यापाशी आली. पांढऱ्या पिलांना मारायला तिथे केव्हाच बंदी आली आहे, म्हणाली. व्हिडिओ जुना होता. जरा मोठी झालेली मात्र अजून मारतात. आणि उत्तरेत बर्फात राहणारी माणसं आहेत, ती पिढ्यान्‌पिढ्या सील खाऊन, कातडं पांघरून जगली. जगाने नाक मुरडल्यावर त्यांची कातडी कुणी घेईना. “सो हू इज राइट, मम्मी?” मला काय माहीत? घेतलं तर कुठलं तरी पिल्लू मरतं, नाही घेतलं तर कुठलं तरी घर उपाशी राहतं, आणि आमच्या घरात दोन्ही बाजूंनी भरडले जाणार ते बाबाच.

यंदा पितृपक्षात बाबा आईच्या नावाने तर्पणाला बसले. तीळ घातलेलं पाणी मी त्यांच्या हातावर ओतलं. हाताचा खळगाच होईना. मंत्र संपायच्या आत पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलं. मी पुन्हा ओतलं, पुन्हा गळलं. बाबा हाताकडे बघत म्हणाले, “तिच्यापर्यंत पोचतंय की नाही कोण जाणे.”

लेक दारात उभी होती. ती आत गेली आणि अंकलची ती बाटली घेऊन आली, सील न फोडलेली. तिने ती इतके महिने कपाटात ठेवली होती, हे मलाही माहीत नव्हतं.

“आजोबा, प्लीज लाह. कॅन टेक बॅक ऑर नॉट?”

बाबा हसले. बोटं उघडत नव्हती, म्हणून हाताच्या पाठीने त्यांनी तिचा गाल पुसला.

“सोडलेलं पाणी परत कसं घ्यायचं, बाळा?” आणि मग, तिला बरं वाटावं म्हणून, अगदी मायेने म्हणाले, “रडू नकोस. तुझ्यासाठीच तर सोडलं होतं.”

त्या दिवशी ती जेवली नाही. बाबांना अजून कळलेलं नाही, का ते.