बाभळीची पायरी

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी सासुरवाडीच्या स्टेशनावर उतरलो तो थेट पाठीवर, पाय आभाळाकडे करून. यात माझा दोष म्हणाल तर एवढाच, की मी राणीसावरगावचा. आमच्याकडे उतरायचं म्हणजे बंडीतून, बैलगाडीतून. तेही मागच्या बाजूने, गाडी चालती असतानाच, मागे तोंड करून अलगद पाय सोडायचे. जन्मभराची सवय. आगगाडी थांबायच्या बेतात आली, सासरे समोर उभे दिसले आणि जावई किती चपळ आहे हे त्यांना कळावं म्हणून मी आमच्या पद्धतीने पाय सोडले. कचेरीतली काळी शेरवानी मुद्दाम घालून आलो होतो, ती धुळीत माखली. रुमी टोपी एकीकडे गेली, पेढ्यांचा पुडा दुसरीकडे.

तात्या, म्हणजे माझे सासरे, धावत आले. मला वाटलं, उचलायला आले. ते माझ्या शेजारून पुढे गेले, गाडी पुरती थांबेपर्यंत तिच्याकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "जावईबापू, ही बंडी न्हाई. हिला पाठ दावून उतरायचं न्हाई. ती जिकडं बघती तिकडं आपुन बघायचं, मंग पाय सोडायचा."

लागलं का, हे त्यांनी विचारलं ते टोपी झटकून माझ्या डोक्यावर ठेवल्यानंतर. दिवेलागणीपर्यंत सगळ्या लिंबाळ्यात माझं नाव 'पाठीवरचे जावई' पडलं होतं. आता पन्नाशी उलटली, तात्या जाऊनही बरीच वर्षं झाली; पण तिथली जुनी माणसं मला अजून त्याच नावाने ओळखतात. माझ्या कचेरीतल्या हुद्द्याची चौकशी तिथे आजवर कुणी केलेली नाही.

लिंबाळा परभणीहून पूर्णेला जाताना लागतं. गावापासून स्टेशन हाकेच्या अंतरावर आणि स्टेशनाला लागून तात्यांचं रान. तात्यांचा रेल्वेशी कागदोपत्री काहीही संबंध नव्हता. दोन बैलांचे शेतकरी, तीन मुलींचे बाप, गावातल्या प्रत्येकाच्या लग्नात पंगतीला वाढणारे. रूळ पडले तेव्हा ते लहान होते आणि त्यांच्या वडिलांची बैलजोडी भरावावर माती ओढायला होती. पहिलं इंजिन आलं तेव्हा गाव पळालं, तात्या जागेवर उभे राहिले. का उभे राहिलात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पळावं असं वाटलंच न्हाई. वाटलं, कुणीतरी लय मोठं माणूस आलंय, आन् आपुनच घरी हाव." पुढे रेल्वेत नोकरी करायची त्यांची फार इच्छा होती. वडिलांनी सांगितलं, एकुलता एक आहेस, रान कोण बघेल? तात्यांनी रान बघितलं. पण औत हाणताना एकेक तास, म्हणजे नांगराची ओळ, संपवून बैल वळवायचे ते नेहमी रुळांच्या बाजूला, आणि तिथे बैलांना जरा जास्तच विसावा मिळायचा.

मला मुलगी दाखवली तेव्हा इतरांनी पगार, शेती, गोत्र विचारलं. तात्यांनी एवढंच विचारलं, "रेल्वेत कुठं बसता?" मी म्हणालो, जागा मिळेल तिथे. त्यांचा चेहरा पडला. खिडकीशी, इंजिनाकडे तोंड करून, हे योग्य उत्तर होतं हे मला लग्नानंतर कळलं. तरीही मुलगी दिली, हा त्यांचा मोठेपणा.

आता त्या पायरीबद्दल सांगतो. लिंबाळ्याचा फलाट म्हणजे जमीनच, वर मुरूम टाकलेला. गाडीचा पाय ठेवायचा खालचा पायटा कमरेएवढा उंच. पुरुषमाणूस लोंबकळून चढायचा, बायकांचे हाल. गावातली एक गरोदर लेक माहेराहून सासरी निघालेली, चढता चढता हात सुटून खाली आली. सुदैवाने निभावलं. तात्यांनी दुसऱ्या दिवशी बांधावरची बाभूळ तोडली. ती त्यांनी बैलगाडीच्या आखासाठी राखून ठेवली होती. सुताराकडून दोन टप्प्यांची भक्कम पायरी करून घेतली आणि लाकूड झिजू नये म्हणून वरच्या टप्प्यावर जुन्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, सरळ करून ठोकली. सासूबाई म्हणाल्या, आपल्या गाडीचा आख मोडका आणि सरकारच्या गाडीला नवी पायरी. तात्या म्हणाले, "आपल्या गाडीतून पडलं तर मातीवर पडतंय."

तेव्हापासून गावातली कुणीही बाई प्रवासाला निघाली, की पायरी डोक्यावर घेऊन तात्या पुढे. जनाना डबा नेमका कुठे थांबतो हे त्यांना पाठ होतं. फलाटावर एक मोठा लिंब होता, पण हा डबा त्याच्या सावलीच्या पुढे, उघड्या उन्हात थांबायचा. तिथे पायरी मांडायची, बाईला चढवायचं, पोर हातात द्यायचं, गाठोडं द्यायचं, पायरी उचलायची. सगळं गाडी उभी आहे तेवढ्यात.

स्टेशनमास्तर हैदराबादकडचे, अदबशीर गृहस्थ. त्यांनी पहिल्या दिवशीच हरकत घेतली. "अजी तात्या, सरकारी रेल है. तुम्हारी बंडी नईं. ये तख्त नक्को." तात्यांनी मान डोलावली आणि पायरी घरी नेली. पुढे मास्तरांची म्हातारी आई हैदराबादेहून यायची होती. त्या दिवशी तात्या कुणी न बोलावता पायरी घेऊन गेले, जनान्यापाशी मांडली आणि तोंड फिरवून उभे राहिले. म्हातारी बुरखा सावरत सुखरूप उतरली. नंतर पायरी घरी नेऊ लागले तर मास्तरांनी थांबवलं आणि कंदील ठेवायच्या खोलीत तिला स्वतः जागा करून दिली.

म्हाताऱ्या बायका यात्रेला निघाल्या तर तात्या आधी तालीम घेत. मारुतीचा पार म्हणजे डबा. काखेत गाठोडं घेऊन सगळ्या रांगेत उभ्या. "गाठुडं आधी आत. मंग दांडी धरा. मंग पाय. हसायचं नंतर, बसल्यावर." एकदा मीही गंमत म्हणून रांगेत उभा राहिलो. चढलो बरा. उतरताना सगळ्या म्हाताऱ्या वळून माझ्याकडे बघत होत्या.

आणि पोळा. बैलांची शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरमाळा घालून गाव मिरवणुकीत असायचं, आणि तात्या आपले बैल पुजून झाले, की आंब्याच्या पानांचं एक तोरण आणि पुरणपोळी घेऊन स्टेशनावर जायचे. इंजिनाच्या पुढच्या दांडीला तोरण बांधायचे, कुंकू लावायचे आणि पोळी ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. मी विचारलं, तात्या, हे काय? "का बरं? ती बी वढूनच खाती की." हे सांगताना ते हसत नव्हते. मी कचेरीत अर्धं आयुष्य काढलं, मोठमोठे साहेब बघितले. पण त्या काळ्या धुडापुढे डोक्यावरचा रुमाल काढून उभा असलेला हा माणूस बघितला, की माझ्याही टोपीकडे हात जायचा.

माझ्या बायकोला मात्र या वेडाचं कौतुक नव्हतं. गोदा धाकटी, तात्यांची लाडकी असं सगळे म्हणायचे, तिला ते पटत नसे. आमचं वऱ्हाड लिंबाळ्याहून रेल्वेनेच निघालं होतं. लेक सासरी जाताना बाप रडतो. तात्या वऱ्हाडाच्या पेट्या मोजत होते, पायरी सरकवत होते, म्हाताऱ्यांना चढवत होते. गाडी हलली तेव्हा खिडकीपाशी येऊन लेकीला म्हणाले ते एवढंच, "हात भाईर काढू नगस." हे शल्य गोदाने मनात धरून ठेवलं होतं. भांडणात ते मलाही ऐकावं लागे. का, ते मला कधी कळलं नाही.

निजामी राजवटीचं शेवटचं वर्ष आलं. त्या दिवसांवर जाणत्या माणसांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी आपलं घरापुरतं सांगतो. कुठलं गाव लुटलं, कुठलं जाळलं, रोज नवी बातमी. लोक बायकापोरांना निजामाच्या हद्दीबाहेर पोचवू लागले. आमच्याकडून जवळची वाट म्हणजे पूर्णेहून हिंगोलीची गाडी धरायची आणि तिथून पुढे वाशीमला, वऱ्हाडात. लिंबाळ्यातली घरंच्या घरं निघाली आणि प्रत्येक घराला तात्यांनी पायरी मांडली. तालमीतल्या त्या म्हाताऱ्या, गाठोडं आधी आत टाकून, न हसता चढल्या.

आम्हीही तोवर लिंबाळ्याला येऊन राहिलो होतो; शेवटी आमची पाळी आली. गोदा, आमचा लहानगा, सासूबाई आणि मी. त्यांना पोचवून परत कचेरीत हजर व्हायचं असं मी सगळ्यांना सांगत होतो. पण परत यायची माझी छाती नव्हती हे सगळ्यांनाच दिसत होतं. गोदा पायरीवर एक पाय ठेवून थांबली.

"तात्या, तुमी बी बसा."

"मी बसलो तर उतरून घ्यायला कोण?"

"कुणाला उतरून घ्यायचंय? गाव रिकामं व्हायलंय."

"गेलेत ते येतीलच की. गाडी काय नुसती न्यायलाच हाय व्हय? आणती बी तीच."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. गोदाचा आवाज चढला नाही, पण डब्यातल्या सगळ्या बायकांना ऐकू गेलं. "तुमाला लेकरापरीस गाडी लाडकी हाय. पयल्यापासनं."

तात्यांनी लहानग्याला तिच्या हातात दिलं, पायरी काढून घेतली. गाडी हलल्यावर खिडकीशी चालत म्हणाले, "लेकराचा हात भाईर येऊ देऊ नगस."

वाशीमला एका ओळखीच्या घरी दोन खोल्यांत आम्ही राहिलो. लिंबाळ्याची खबर नाही. टपाल येईना. कुणी म्हणे, रुळांच्या कडेच्या गावांत माणूस उरला नाही. सासूबाई दर सोमवारी उपास करत. गोदा बापाचं नाव काढत नसे. फक्त तिथल्या बाजारात हिंगोलीकडचं कुणी भेटलं, की मला पुढे करायची आणि आपण भाजी निवडल्यासारखं करत उभी राहायची. पावसाळा तसाच गेला. शेवटच्या बोलण्याचं ओझं तिच्यावर किती होतं, ते तिच्या हातच्या स्वयंपाकात कळायचं. कधी मीठ नसे, कधी दोनदा पडलेलं असे. मी मुकाट्याने जेवत होतो.

मग पोलीस कारवाई झाली. निजामाचं राज्य गेलं. काही दिवसांनी गाड्या सुरू झाल्या, पण कुठली कधी येईल याचा नेम नव्हता. आम्ही निघालो. पूर्णेला गाडी बदलली; त्या दिवसांत कुणी विचारत नव्हतं म्हणून मीही जनाना डब्यातच बसलो, आणि लिंबाळा जवळ येऊ लागलं तसं सासूबाई जप करू लागल्या. गोदा खिडकीशी होती, इंजिनाकडे तोंड करून. स्टेशनाबाहेरच्या सिग्नलच्या खांबाला काहीतरी लोंबत होतं. जवळ आल्यावर दिसलं, वाळून कुरकुरीत झालेलं आंब्याच्या पानांचं तोरण. पोळ्याच्या दिवशी गाडी आलीच नव्हती, म्हणून तात्यांनी ते खांबाला बांधलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की पोळ्यापर्यंत तरी ते होते.

गाडी थांबली. अश्विनातलं भर दुपारचं ऊन. लिंबाची सावली रिकामी, आणि तिच्या पुढे, जनाना डब्याच्या दारासमोर, बरोब्बर मांडलेली पायरी. शेजारी तात्या. दाढी वाढलेली, अंग निम्मं झालेलं.

मी इंजिनाकडे तोंड करून, गाडी थांबल्यावर, अगदी नियमाने उतरलो. जन्मात पहिल्यांदा चांगला उतरलो आणि ते कुणीही बघितलं नाही. गोदाने पायरीवर अनवाणी पाय ठेवला, झटकन उचलला, परत ठेवला आणि खाली आली. तात्यांनी नातू आधीच खांद्यावर घेतला होता.

"कधीधरनं उभे हाव?" तिने विचारलं.

"आत्ताच आलो," तात्या म्हणाले. "गाडीचा नेम न्हाई, म्हून सावकाश आलो."

सामान बंडीत टाकलं आणि गावात आलो. गेलेल्यांच्या गोठ्यांत जनावरं होती, जिवंत, आणि सगळ्या बैलांची शिंगं रंगवलेली. मागे राहिलेली म्हातारी माणसं सांगत होती: दिवस असे, की कुणी दाराबाहेर पडेना, आणि हा माणूस घरोघरची जनावरं सोडून पाण्यावर न्यायचा, वैरण टाकायचा. पोळ्याला ज्याचा त्याचा बैल ज्याच्या त्याच्या दारात पुजला. मी ऐकत गेलो आणि माझी मान खाली खाली जात राहिली. तात्या लांब, नातवाला एकेका बैलाचं नाव सांगत होते.

गोदा ओट्यावर पाय धूत बसली होती. एकाच पायावर पुन्हा पुन्हा पाणी घालत होती. मी जवळ गेलो तर वर न बघता म्हणाली, "अहो, त्या पायरीची धाव नुसती तापली होती. तळवा पोळला माझा." मग तांब्या खाली ठेवला.

"आन् म्हणायलेत, आत्ताच आलो."