मावशीचा विकेटकीपर

माझ्या धाकट्या मावशीशी भाव करून जिंकलेला माणूस भंडारा जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे, आणि जन्मलाच तर मावशी त्याच्या बारशाला जाऊन पाळण्याचा भाव पाडून येईल. भाजी, साडी, शेळी असल्या किरकोळ व्यवहारांबद्दल मी बोलत नाही. त्यात आमच्याकडच्या सगळ्याच मावश्या तरबेज असतात. माझी मावशी भाव करते तो क्रिकेटच्या कार्डांचा. पूर्वी बबलगमच्या पुडीत एक कार्ड निघायचं, पुढे खेळाडूचा फोटो आणि मागे त्याच्या धावा नि बळी, ती कार्डं. पासष्टीला टेकलेल्या या बाईने आयुष्यात एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नाही. “दिवसभर उन्हात उभे राह्यतेत आन् चहा प्यायले आत जातेत, त्याच्यात काय पाहाचं?” एवढंच तिचं या खेळाबद्दलचं मत आहे.

आसगावला शाळेसमोर तिचं किराणा दुकान होतं. मधल्या सुट्टीत पोरं बबलगम घ्यायची, कार्ड पाहायची आणि तोच तो बॉलर पुन्हा निघाला की रडकुंडीला यायची. मावशीने तोडगा काढला: दोन डबल कार्डं आणा, गल्ल्यातलं एक पाहिजे ते घेऊन जा. महिन्याभरात तिच्या गल्ल्यात पैशांपेक्षा खेळाडू जास्त झाले. कोणाला कोण हवा आहे, कोणाकडे काय दडलं आहे, कोणाच्या कार्डाचा कोपरा मुडपला आहे, हे सगळं तिला तोंडपाठ असे. पोरं मोठी झाली, बबलगममधली कार्डं बंद झाली, पुढे दुकानही बंद झालं, पण मावशीकडे बिस्किटांचे तीन डबे भरून कार्डं राहिली. मग एकदा पुण्याहून एक इंजिनियर गाडी घेऊन तिच्या दारात उभा राहिला आणि एका डावऱ्या बॉलरच्या कार्डाला आठशे रुपये देऊ लागला. मावशीने आधी त्याला पाणी दिलं, मग ओळखलं, मग म्हणाली, “तू तं तोच ना, लिमलेटच्या गोळ्या खिशात टाकून पळणारा? तुले बाराशे.” त्याने बाराशे दिले आणि पाया पडून गेला. त्या दिवसापासून मावशी पुन्हा धंद्यात उतरली.

तिची रीत अशी की भाव आधी आपण सांगायचा नाही. कार्ड हातात घ्यायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा, उजेडाकडे धरायचं आणि एक बारीकसा सुस्कारा सोडायचा. तो सुस्कारा ऐकून समोरच्याला वाटतं की आपण कार्ड नाही, एखादा आजारी माणूस घेऊन आलो आहोत. “कोपरा मेला याचा,” ती म्हणते, आणि भाव तिथेच शंभराने उतरतो. बाजारात गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की दुकानदार नरमतो. पण स्वतःच्याच घरात बसलेल्या बाईने निघून जावं तरी कुठे? मावशी जाते. समोरचा अडून बसला की ती सरळ उठून शेजारणीकडे तांदूळ निवडायला बसते. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला तिने असं पाऊण तास एकट्याला बसवलं होतं, आणि जाताना त्याला चुलीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवायला सांगून गेली होती. परत आली तेव्हा दूध उतू गेलं नव्हतं आणि व्यापारी निम्म्यावर आला होता. विकताना मात्र ती गिऱ्हाइकाची परीक्षा घेते. कार्डाला कोणी ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हटलं की भाव तिप्पट. “पैसे ठेवाचे असन तं बँकेत ठेव ना बावा, माह्या खेळाडूले कायले डांबून ठेवतं?”

या बाईकडे एका मालिकेची छत्तीसपैकी पस्तीस कार्डं होती. छत्तिसावा होता विकेटकीपर, आणि तो वीस वर्षं सापडत नव्हता. तिने मला फोनवरच्या कार्डवाल्यांच्या ग्रुपमध्ये घातलं ते त्याच्यासाठी. मी पवनीला शाळेत शिकवतो. दोन तासांच्या मध्ये मी ग्रुप पाहायचा आणि तिला कळवायचं, अशी माझी नेमणूक होती. गेल्या वर्षी माघात एका दुपारी ग्रुपवर फोटो आला. विकेटकीपर, दोन्ही हातमोजे पुढे, टोपी तिरपी. फोटो टाकणारा गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनातल्या एका गावचा मासोळीवाला होता. मी मावशीला फोन केला. तिने कार्डाचे चारही कोपरे शाबूत आहेत का ते दोनदा विचारलं. मग म्हणाली, “उद्याच्याले ये. आन् हे पाय, तोंडावर खुशी दिसू देऊ नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला गाडीवर मागे बसवून मी निघालो. वाटेत ती मला चार वेळा म्हणाली की तिला त्या कार्डाची काही एवढी गरज नाही.

मासोळीवाला पंचेचाळिशीचा, काटक माणूस. अंगणात जाळं विणत बसला होता. मावशीला पाहून हातातलं काम तसंच टाकून उठला. “मावशी, वळखलं काय? मी मामाच्या घरी राहून आसगावच्या शाळेत होतो. तुमच्याच दुकानातला हाय हा विकेटकीपर. तीन डबल घेतले होते तुमी याचे.”

“दोन घेत होतो आमी,” मावशी म्हणाली.

“याचे तीन घेतले. मी तवाच भाव कराले शिकलो.”

मावशीने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि पदर खोचला. पुढे जे झालं त्याला घासाघीस म्हणणं म्हणजे कुस्तीला नमस्कार म्हणण्यासारखं आहे. तो म्हणाला तीन हजार. मावशी म्हणाली चारशे. तिने सुस्कारा सोडला. त्याने तिच्यापेक्षा लांब सोडला. तिने कोपरा दाखवला; त्याने भिंग आणून तोच कोपरा तिलाच दाखवला. ती उठून त्याच्या बायकोशी बोलायला चुलीपाशी गेली. तो उठून तळ्याकडे निघून गेला. दोघांच्या मध्ये बाजेवर मी आणि विकेटकीपर असे उरलो. दोघेही परत आले तेव्हा घामाघूम होते आणि दोघांचेही डोळे चमकत होते. तो दोन हजारांवर, ती नऊशेवर. मग मावशीने आपला हुकमाचा पत्ता काढला.

“हा डाग पाय. पाणी लागलं हाय याले.”

“लागलं ना. जुनं गाव सोडलं तवा इथं घर नोतं झालं. सालभर टिनाखाली होतो. पेटीत पाणी गेलं. बाकीचे सारे गेले, हाच वाचला.”

मावशीने कार्ड खाली ठेवलं. विणून अर्धं झालेल्या जाळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “अकराशे.” समोरच्याने काही न मागता तिने स्वतःहून भाव वाढवलेला मी तो एकदाच पाहिला.

दुपारपर्यंत तो साडेपंधराशेला आला, ती पंधराशेला गेली, आणि तिथे दोघंही थांबली. पन्नास रुपये. तो हलेना, ती हलेना. मी खिशात हात घातला तर मावशीने असं पाहिलं की हात तिथेच राहिला. शेवटी व्यवहार मोडला. निघताना तिने त्याच्याकडून दोन किलो मासोळ्या घेतल्या. त्यांचा भाव तिने विचारलासुद्धा नाही.

गाडीवर मी चिडून म्हणालो, “मावशी, वीस वर्षं शोधत होतीस ना? पन्नास रुपयांसाठी सोडलंस?”

“पन्नासचा सवाल नाई गा,” ती म्हणाली. मागून तिचा आवाज एखाद्या पोरीसारखा येत होता. “कसा बसला होता पाह्यलं तू? एक रुपया नाई सोडला त्यानं. पुढल्या इतवारी जाऊ.”

पुढल्या रविवारी गेलो. त्याच्या पुढच्याही गेलो. कधी तोच मासोळ्यांची टोपली घेऊन आसगावला यायचा. मावशी शनिवारपासून तयारीला लागायची, आपण कोणता मुद्दा काढायचा, तो काय म्हणेल, मग आपण काय म्हणायचं. एकदा त्याने फोटोतल्या तिरप्या टोपीचे वेगळे पैसे मागितले, तर तिने कार्डावर छापलेल्या धावांची एकूण बेरीज चुकली आहे म्हणून सूट मागितली. दोघंही पाटीवर बेरीज करत बसली. बेरीज बरोबर निघाली. पावसाळा आला, रोवणी झाली, धान कापणीला आलं; पन्नास रुपये मात्र जागचे हलले नाहीत. मावशीचा गुडघा दुखायचा थांबला होता, निदान रविवारी तरी.

दिवाळीनंतर तो आला तो आठवड्याच्या मधल्या दिवशी. शाळेला अजून सुट्टी होती, म्हणून मी मावशीकडेच होतो. टोपली नव्हती, अंगात धुतलेला सदरा होता. ओसरीवर बसला, पाणी प्याला आणि कार्ड मावशीच्या पुढ्यात ठेवलं.

“मावशी, रायपूरले चाललो. साळ्याचा मासोळीचा धंदा हाय, त्यानं बोलावलं. घर बंद करून सारेच जाऊन राहिलो. तुमी म्हणान तो भाव.”

मावशीने कार्ड उचललं नाही. आत गेली, बराच वेळ आत होती. बाहेर आली आणि त्याच्या हातात नोटा दिल्या. त्याने पाहिलं, सहा पाचशेच्या.

“मावशी, हे तीन हजार हायेत.”

“तू तितलेच सांगितले होते.”

“अवो, पण भाव तं करा,” तो म्हणाला. त्याचा चेहरा अगदी पडला होता.

“जाणाऱ्या माणसासंग नाई करत मी.”

तो पैसे परत करू लागला, तिने ऐकलं नाही. गिऱ्हाइकाला सोडायला उंबऱ्याबाहेर कधी न जाणारी मावशी त्याच्याबरोबर रस्त्यापर्यंत गेली. एसटी येईपर्यंत दोघंही उभी होती.

घरात आल्यावर तिने अल्बम काढला आणि विकेटकीपर त्याच्या जागी सरकवला. छत्तीसच्या छत्तीस. मला वाटलं आता ती पेढे आणायला सांगेल. तिने अल्बम मिटून मांडीवर ठेवला आणि त्याच्यावरून हात फिरवत राहिली.

“झाला पुरा,” मी म्हणालो.

“हो,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “या इतवारी काय करतं तू? काही काम नसन तं ये असाच.”