कोपऱ्यातली थोबाडीत

"आज तिला बापावरनं काय बोलू नगंस रं. बोललं की हात चालतो तिचा."

पडद्यापलीकडे सर त्यांच्या असिस्टंटला सांगत होते. मी अलीकडे बाकावर बसून हाताला पट्टी गुंडाळत होते. साताऱ्याचा हॉल, बॉक्सिंगची निवड चाचणी. आमच्या वजनात संघात एकच जागा. समोर आमच्याच सांगलीच्या क्लबची मुलगी, क्लबच्या अध्यक्षांची लेक.

पट्टी तशीच हातात राहिली.

दोन वर्षं, प्रत्येक लढतीआधी सर मला कोपऱ्यात उभी करून थोबाडीत मारायचे. एक उजवीकडे, एक डावीकडे. मग म्हणायचे, "मेंढरामागची तू. जा आटपाडीला, लेंड्या गोळा कर बापासंगं."

माझे वडील आटपाडीला, आमच्या गावी, मेंढरं राखतात. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं, हॉस्टेलवर ठेवलं. तिथं घरची भाषा तोंडातून निघाली की वर्ग हसायचा. म्हणून मी बोलणंच कमी केलं. सरांनाही कधी उत्तर दिलं नाही. कान तापायचे आणि समोर जी असेल तिला मी मारायचे.

वडूजच्या एका मुलीचं नाक फोडलं मी. लढतीआधी तिनं मला विचारलं होतं, "जेवलीस का?" हाड मोडलेलं ग्लोव्हजमधून कळलं. तरी मारत राहिले. रेफ्रीनं ओढून बाजूला काढलं. सर म्हणाले, "ह्याला म्हणतात जिद्द."

अध्यक्षांच्या लेकीची जिद्द वेगळ्या खोलीत तयार व्हायची. दर शनिवारी पुण्याहून एक मॅडम यायच्या. डोळे मिट, श्वास मोज, स्वतःला जिंकताना बघ. दार बंद. एकदा मी विचारलं, मीही बसू का? सर हसले. "तुला कशाला मॅडम? तुला दोन थोबाडीत पुरतात."

मला ते कौतुक वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते.

त्या दिवशी कोपऱ्यात सरांनी मला मारलं नाही. डोक्यावरून हात फिरवला. "दमानं खेळ, बाळा."

घंटा झाली आणि माझे हात वर येईनात. मी खरंच थोबाडीत बसायची वाट बघत होते. ती मारत होती. ओठ फाटला. दुसऱ्या फेरीत डोळ्याखाली एक बसला आणि मी गुडघ्यावर आले. रेफ्री आकडे मोजत होता. तेव्हा कळलं. हा राग माझा नव्हताच. त्याचं बटण सरांकडे होतं, आणि आज त्यांनी ते दाबलं नव्हतं.

आठाला उठले. फेरी संपेपर्यंत नुसती उभी राहिले. आता शेवटची एकच फेरी उरली होती.

स्टुलावर सर माझं रक्त पुसत म्हणाले, "शाब्बास. असंच." मार खाल्ल्याबद्दल पहिल्यांदाच शाब्बास.

कान तापले नाहीत. डोकं गार पडलं होतं. मी समोरच्या कोपऱ्यात बघितलं. उजव्यानं मारलं की ती डावा हात खाली सोडते. दोन वर्षं रोज सरावाला तिच्यासमोर मीच उभी असायचे. हे मला दिसत होतं. दुसऱ्या कुणालाच नाही.

सरांचा हात पुन्हा माझ्या गालाकडे आला. मी तो ग्लोव्हनं उडवला. टॉवेल खाली पडला. पहिल्या रांगेतले अध्यक्ष बोलायचे थांबले.

मी उभी राहिले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, माझ्या घरच्या भाषेत म्हणाले,

"आवं सर, माझा बाप मेंढरं राखतो. ती शिवी न्हाई. परत माझ्या तोंडाला हात लावलासा, तर पयला ठोसा तुमाला."