ब्रिगेडला फोन करू

धान्याच्या कुठल्याही नव्या सायलोवर रंगकामाच्या पहिल्या सकाळी फर्ग मॅकब्राइड आधी स्वतःला टांगून घेतो. अंगावर पट्टे चढवतो, वीस फुटांवर लोंबकळतो आणि खालच्यांना म्हणतो, "मी बेशुद्ध आहे. काढा खाली." नवी माणसं हसतात, म्हातारा सटकलाय म्हणतात. हसू देत. सहा मिनिटांच्या वर वेळ लागला की तो पुन्हा टांगून घेतो, आणि मग कोणी हसत नाही.

चार वर्षांपूर्वी हाच फर्ग असल्या गोष्टींना नाक मुरडायचा. ऑस्ट्रेलियातल्या विमेराच्या गव्हाच्या पट्ट्यात धान्याचे हे मनोऱ्यासारखे उंच सायलो रंगवण्यात त्याचा जन्म गेला. कामाआधी एक कागद भरायचा असे. त्यात शेवटी विचारलेलं असायचं, माणूस दोरीवर अडकला तर काय कराल? फर्ग दर वेळी तेच खरडायचा, 'ब्रिगेडला फोन करू', म्हणजे गावच्या अग्निशमन दलाला, आणि सही ठोकून मोकळा व्हायचा. साहेबांनीही कधी पुढे विचारलं नाही. कागद भरला म्हणजे झालं!

त्या डिसेंबरात शंभर फुटांवर डार्सी ज्यात उभा राहून रंगवत होता तो दोरांवरचा पाळणा कलंडला. डार्सी नोव्हाक, फर्गचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार. दोरीने त्याला झेललं. खाली सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"काय रे, वारा खातोयस का?" फर्गने खालून ओरडून विचारलं.

"खातोय की. ये तूपण," वरून डार्सी म्हणाला.

पण भिंत गुळगुळीत, हाताला काही लागेना. जिन्याने माथ्यावर जाता येत होतं, पण शंभर किलोचा गडी कप्पीशिवाय ओढायचा कसा? तिसरा रंगारी केल्विन, त्याने कागदात होतं तसं केलं. ब्रिगेडला फोन लावला.

लगेच फर्गच्या कमरेचा पेजर वाजला. वर डार्सीच्या कमरेचाही वाजला. गावच्या ब्रिगेडमध्ये पगारी कुणीच नव्हतं. कप्तान फर्ग, त्याच्या हाताखाली डार्सी, आणि सात शेतकरी, जे ऐन कापणीत यंत्रांवर बसले होते.

"फर्ग, पायांना मुंग्या आल्यात," थोड्या वेळाने डार्सी म्हणाला.

"उतरलास की नाच."

पट्टे मांड्यांना काचतात, रक्त पायांत साचतं आणि धडधाकट माणूस नुसता लटकून मरतो, हे फर्गला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं. शेतकरी बिचारे धावत आले, ते तीस फुटी शिडी घेऊन. तोवर डार्सी ओ देईनासा झाला होता. शहरातून दोरीवरून सुटका करणारं पथक पोचायला दीड तास लागला.

पंधरा दिवसांनी डार्सीची बायको मर्लीन फर्गच्या दारात आली. तिच्या हातात पेजर होता.

"हा कप्तानाकडे जमा करायचा असतो ना?"

फर्गने तो घेतला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"त्या दिवशी वाजला होता का रे हा?"

"वाजला."

"त्याने ऐकला?"

"ऐकला. हसला. म्हणाला, फर्ग, आपल्यालाच बोलावतायत."



"मग तू काय केलंस?"

"मीपण हसलो," फर्ग म्हणाला.