सिस्टरची सकाळची कामं

सिस्टरला रात्री झोप लागली नाही, हे सकाळी त्यांच्या कामांवरून कळायचं. झोप झालेली असली की त्या अंगणात खुर्ची टाकून काळा चहा पीत बसायच्या आणि दुधाची पिशवी मला आणायला सांगायच्या. पण रात्र जागून गेली की साडेसहालाच दोन्ही हातांत पिशव्या, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि दूध, भाजी, औषधाचं दुकान, शिवाय पोस्ट उघडलेलं नसतानाही पोस्ट. त्यातलं निम्मं काम त्या दिवशी करायचं नसायचंच. “पाय चालले म्हणजे डोकं थांबते,” त्या म्हणायच्या.

सव्वीस वर्षं कुवेतमध्ये नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या आणि सालेकसाला आईच्या घरी येऊन राहिल्या. मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते, त्यांच्याच घरातली एक खोली भाड्यानं घेतली होती. मी त्यांना मावशी म्हणे, त्या मला मास्तरीण म्हणत. घाई झाली की त्यांच्या तोंडून अरबी ‘यल्ला’ निघे. भाजीवालीसुद्धा ते शिकली होती. सिस्टर भाव करायला लागल्या की तीच म्हणायची, “यल्ला सिस्टर, घ्याचं असन तं घ्या!”

परदेशातल्या दवाखान्यातून आलेल्या बाईला सगळंच कळतं, अशी गावाची समजूत होती. कोणाचं पोट दुखलं, कोणाला चक्कर आली, की माणसं आधी सिस्टरच्या फाटकाशी. त्या दरवेळी सांगायच्या, “मी लहान पोरांच्या वॉर्डात होती बापा. माहे पेशंट गुडघ्याएवढे.” तरी कोणाला परत पाठवायच्या नाहीत. त्यांना ते आवडायचंही, हे मी पाहिलं आहे. नाडी धरली की त्यांची पाठ ताठ व्हायची.

मे महिना होता. एका संध्याकाळी झनकलालभाऊ आले. मागच्या गल्लीत त्यांची पिठाची चक्की होती. छाती जड वाटते, खांदा भरून आला आहे, घाम येतो, असं त्यांनी सांगितलं. त्या उकाड्यात घाम कोणाला येत नव्हता? दिवसभर त्यांनी धान्याचे कट्टे उचलले होते, दुपारी लग्नात जेवून आले होते. सिस्टरनं नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, गोळी दिली आणि म्हणाल्या, “गॅस आहे. सकाळपर्यंत उतरते.” भाऊ हसत गेले.

दुसऱ्या दिवशी सहा वाजताच पिशव्यांचा आवाज आला. मी बाहेर आले तर मावशींचे डोळे लाल, आणि पिशव्यांच्या जोडीला गव्हाचा डबा.

“मावशी, पीठ तर परवाच आणलं ना?”

“संपून राहिलं,” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “तू चाल माह्यासंग.”

आम्ही दूध घेतलं. भाजी घ्यायला थांबलो, पण त्यांनी काहीच घेतलं नाही. एक वांगं उचलून पुन्हा ठेवलं. भाजीवालीनं ‘यल्ला’ म्हटलं, तरी त्या हसल्या नाहीत. चक्कीच्या गल्लीपाशी पोचलो तशी त्यांची चाल वाढली. चक्कीचं शटर बंद होतं.

डबा त्यांनी तिथेच जमिनीवर ठेवला. “सातला चालू असते नं रोज?” त्यांनी शटर वाजवलं. शेजारच्या दारातून भाऊंची बायको डोकावली. “चक्कीचा पट्टा तुटला जी. नवा आणाले गोंदियाले गेले, साडेसातच्या गाडीनं. सकाळीबी खांदा धरून होते, पन म्हणे सिस्टरनं गॅसच सांगतला.”

“भाऊंले फोन लाव,” सिस्टर मला म्हणाल्या. मी फोन लावला. घंटी घरातच वाजली. भाऊ फोन विसरले होते.

माझ्या स्कूटीवर आम्ही स्टेशनकडे निघालो. माझा खांदा त्यांनी इतका घट्ट धरला होता की बोटं रुतत होती. वाटेत त्या कानाशी बोलत राहिल्या. “घाम थंड होता, मास्तरीण. हाताले लागला, अन् मी उकाडा समजली. रातभर तोच घाम हातावर होता. रातीच उठून जायाले पाह्यजे होतं. लाज वाटली मले. चुकली असं सांगाची लाज वाटली.”

भाऊ पुलाच्या पायऱ्या चढून पलीकडच्या फलाटावर पोचले होते. बाकावर बसून श्वास घेत होते. सिस्टर त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. “उठू नका. गाडीत चढाचं नाही. दवाखान्यात जाऊ.”

“काऊन जी?” भाऊ हसायचा प्रयत्न करत म्हणाले. “तुमीच तं काल गॅस म्हणलं.”

गाडीची वेळ झाल्यामुळे फलाट भरला होता. ओळखीची माणसं वळून बघत होती. सिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “काल मी चुकीचं सांगतलं, झनकलालभाऊ. मी चुकली.”

गाडी आली. भाऊ उठायला लागले तेव्हा सिस्टरनं त्यांची पिशवी छातीशी धरली आणि सोडली नाही. गाडी निघून गेली. मग चौघांनी हातांची खुर्ची करून भाऊंना उचललं, एकही पायरी चढू दिली नाही. ग्रामीण रुग्णालयात ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरांनी ती पाहिली आणि लगेच रुग्णवाहिका बोलावली. आधी कोणाला दाखवलं होतं, असं त्यांनी विचारलं. मागून येऊन पोचलेल्या भाऊंच्या बायकोनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर म्हणाल्या, “मले. मीच गॅसची गोळी दिली. तसं लिहा.”

गोंदियाला भाऊंवर उपचार झाले आणि ते वाचले. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ही बातमी घेऊन मी घरी आले तेव्हा सिस्टर अंगणात बसून होत्या. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि मग त्या पदरात तोंड लपवून रडल्या. गावानं त्यांचं कौतुकच केलं. त्यांनी ते एकदाही स्वीकारलं नाही. “बारा घंटे त्या माणसाले मी घरात बसवून ठेवलं,” एवढंच म्हणायच्या. त्यानंतर कोणी फाटकाशी आलं की त्या नाडी न धरता चपला घालायच्या आणि त्या माणसाबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जायच्या.

पुढे माझी बदली देवरीला झाली. दोन वर्षांनी सिस्टर गेल्याचं फोनवर कळलं. मला जाता आलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीवर मी वही चोरल्याचा आळ घेतला आणि तिला मागच्या बाकावर बसवलं. वही संध्याकाळी माझ्याच कपाटात सापडली. रात्रभर मला झोप आली नाही. मुलीला हळूच जवळ बोलावून काहीतरी गोड बोलावं, असं मन सांगत होतं. सकाळी प्रार्थना झाल्यावर मी सगळ्या वर्गासमोर उभी राहिले आणि म्हणाले, “काल मी चुकले. वही हिनं घेतली नव्हती.”

“मी तं विसरूनबी गेली होती मॅडम,” ती पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली.

मग तिनं मागच्या बाकावरचं दप्तर उचललं आणि पुढे आपल्या जागेवर येऊन बसली.