आधी शून्य बघ

वासण्याच्या चार्जिंग स्टेशनवर मानसिंगराव "शून्य बघा" म्हटल्याशिवाय कुणाचीच गाडी चार्जिंगला लावत नाहीत. ही खोड पेट्रोल पंपावरची. तीस वर्षं तिथे पाइप धरला, तीस वर्षं गिऱ्हाइकाला आधी मीटरवरचं शून्य दाखवलं. साठीनंतर पंप सुटला, खोड नाही सुटली.

कौमुदीची ई-रिक्षा रोज त्यांच्याकडेच लागते. नागरवाड्यातल्या मास्तरांच्या घरातली पोरगी, आणि दहावीच्या आधीच शाळेला रामराम! घरात कुणी धड बोलेना. लायसनचं वय झालं तशी शेजारच्या मानसिंगरावांनीच तिला पंपामागच्या मैदानात रिक्षा शिकवली. पहिल्याच दिवशी तिने भिंत ठोकली. काका म्हणाले, "भिंतीचं बघू नंतर. तुला लागलं नाही ना? मग घे परत." त्या दिवसापासून काकांना कुणी वाकडं बोललं की हिचं डोकं सटकतं.

आणि गेल्या आठवड्यात अनुज रिक्षावाला बोलला. सगळ्या रिक्षावाल्यांसमोर, गुजराती-मराठी मिसळून.

"शुं काका, चोरी करो छो? मशीन दहा युनिट दाखवतं आणि रिक्षा कारेलीबागेपर्यंत जाऊन परत येताना मान टाकते!"

"आईशप्पथ, मशीन बरोबर आहे," काका म्हणाले. "रोज सकाळी माझ्या बॅटरीच्या स्कूटरवर तपासतो."

कौमुदीने अनुजची कॉलर धरली. "परत चोर म्हण. दात गोळा करत बसशील."

पण बोभाटा झाला. मालकाने काकांना सांगितलं, सोमवारपर्यंत हे मिटलं नाही तर घरी बसा. काकांना नोकरीचं नाही, 'चोर' शब्दाचं लागलं होतं. दोन दिवस जेवले नाहीत नीट.

कौमुदी तडक तोलमाप खात्यात गेली. तिथे निरुपमाबेन नावाच्या इन्स्पेक्टर बसल्या होत्या.

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"मशीनविरुद्ध. माणसाचं नाव लिहिलंत तर सही नाही करणार."

बेननी चष्म्यावरून बघितलं आणि मशीनच लिहिलं.

शनिवारी त्या लोखंडी पेटी घेऊन आल्या. पेटीत सरकारी मीटर. ते त्यांनी चार्जिंग पॉइंट आणि रिक्षा यांच्या मध्ये जोडलं. एक नंबरचा पॉइंट चोख निघाला. कौमुदीने अनुजकडे बघून भुवया उडवल्या.

मग दोन नंबर. स्क्रीनवर दहा. सरकारी मीटरवर नऊ.

"जोयुं? बघितलंत?" अनुज म्हणाला.

कौमुदीच्या मनात आलं, ह्यांना बोलावलं कोणी? आपणच.

बेननी मशीनचं झाकण टॉर्चने बघितलं. "कंपनीचं सील जसंच्या तसं आहे. आत कुणी हात घातलेला नाही. मीटरच जास्त मोजतंय. यांनी मनात आणलं असतं तरी जमलं नसतं."

मानसिंगराव खाली बघत होते. "पण चूक माझी आहे. माझ्या स्कूटरची पिन दोन नंबरला बसतच नाही. एक बरोबर, म्हणजे दोनही बरोबर, असं धरून चाललो. पंपावर एकेक पाइप वेगळा मापायचो. इथे शपथ खाल्ली, ती न मापता." त्यांनी रिक्षावाल्यांपुढे हात जोडले.

दोन नंबरला बेननी सरकारी सील ठोकलं. मालकाला नोटीस, लोकांचे जादा घेतलेले पैसे परत, आणि काकांना घरी बसवायचं नाव मालकाने परत काढलं नाही.

निघताना कौमुदी बेनच्या मागे धावली. आभार मानायची तिला सवयच नाही. "बेन, तुम्ही… म्हणजे आलात ते बरं झालं."

बेन हसल्या. "सगळे भांडतात गं, अर्ज कुणी करत नाही. तू केलास."

सोमवारी सकाळी पहिली रिक्षा अनुजची. मान खाली.

"शून्य बघ," काका म्हणाले.

"राहू द्या ना काका. तुमच्यावर भरोसा आहे."

"माझ्यावर नको ठेवू. माझा मशीनवर होता, काय झालं? बघ."

"सॉरी ना काका…"

"सॉरी नंतर. आधी बघ."

मागे रांगेत कौमुदीने हॉर्न दाबला. "ए, बघ ना लवकर! माझाही नंबर लागू दे!"

अनुजने वाकून शून्य बघितलं. मगच काकांनी बटण दाबलं.